ताईच्या खुंट्या

भावजींनी पट्टी आपटली ती माशीवर. त्यात भांडणाचं काही नव्हतं. जेवणाच्या टेबलावर नकाशे पसरलेले होते, कोपरे वळू नयेत म्हणून एकावर मिठाची बरणी, दुसऱ्यावर टीव्हीचा रिमोट, तिसऱ्यावर चष्म्याचं घर ठेवलेलं आणि चौथा कोपरा भावजींच्या पंजाखाली. माशी येऊन बसली ती नेमकी नव्या घराच्या पश्चिमेच्या भिंतीवर, आणि भावजींनी समोर बसलेल्या मेहुण्याचीच स्टीलची फूटपट्टी उचलून फाटकन हाणली. माशी उडाली. "तुझ्या घरातली पहिली घुसखोर," म्हणत भावजी हसले. तोही हसला, आणि हसता हसता त्याला काहीतरी खटकलं. चहाचा ट्रे घेऊन उभी असलेली ताई आवाज व्हायच्या आधीच हलली होती. आधीच. पट्टी वर जाते न जाते तोच ती थोडी मागे, थोडी डावीकडे सरकून फ्रिजच्या आडोशाला गेली होती, आणि ट्रेमधला एकही कप हिंदकळला नव्हता. दचकलेला माणूस असा हलत नाही. दचकलेल्या माणसाच्या हातून चहा सांडतो. ही तर रस्त्यातला ओळखीचा खड्डा चुकवावा तशी, मान वर न करता बाजूला झाली होती. मग ती पुढे आली, तिने कप ठेवले, "साखर कमी घातलीय रे तुझ्यात," म्हणाली आणि आत गेली.

आता यात एवढं काय, असं कुणीही म्हणेल. त्यानेही स्वतःला तसंच म्हणून पाहिलं. बायका स्वयंपाकघरात वाढतात, हातात गरम वस्तू घेऊन वावरतात, त्यांना अंदाज असतो. पण चहाचा घोट घेतला तरी ते तिचं सरकणं त्याच्या डोळ्यांसमोरून हलेना. कारण ते त्याने आधी पाहिलं होतं. नुसतं पाहिलं नव्हतं, मोजलं होतं, त्यावर खुंट्या ठोकल्या होत्या, आणि त्या खुंट्या जोडून हे समोरचं घर काढलं होतं.

ताई त्याची थोरली बहीण आणि भावजी तिचा नवरा. भावजी एका कारखान्यात माल तपासायच्या खात्याचे साहेब होते, आत्ता आत्ता निवृत्त झालेले. मुलगी लग्न होऊन लांब गेली होती. तेव्हा भावजींनी शहर संपून, शेतं संपून, डांबरही जिथे संपतं त्याच्या पुढे रानातला एक तुकडा घेतला होता. उताराची जमीन, गुडघाभर वाळकं गवत, काटेरी झुडपं, मध्येच पांढऱ्या सालीची उंच उंच झाडं. शेजार नाही. दिव्याचा खांबसुद्धा अलीकडच्या वळणावर येऊन थांबतो, जणू त्यालाही पुढे जायची हिंमत होत नाही. "घरचा आर्किटेक्ट असताना बाहेरचा कशाला?" असं भावजी म्हणाले, आणि त्याला तर तेच हवं होतं. आयुष्यभर त्याने काचेच्या इमारती काढल्या होत्या, ज्यांच्या खिडक्या उघडत नाहीत आणि ज्यांत माणसं भर उन्हाळ्यात स्वेटर घालून कामं करतात. त्या पापाचं क्षालन म्हणून एकदा तरी असं घर बांधायचं की जे ऊन, वारा, पाऊस बघून आपलं आपण वागेल, असं त्याच्या मनात कधीचं होतं. पश्चिमेला जाड दगडी भिंत. खोल पडवी. छपराचं सगळं पाणी टाकीत. वणवा आला तर म्हणून घराभोवती गवत काढलेला रुंद पट्टा आणि खिडक्यांना लोखंडी झडपा. आणि घराच्या मधोमध, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, वर छप्पर पण दोन्ही तोंडं उघडी असा एक बोळ, वाऱ्याला यायला-जायला. बोळाच्या अलीकडे भावजींची बैठक आणि झोपायची खोली, पलीकडे स्वयंपाकघर आणि ताईची दुपारी आडवं व्हायची खोली. आत एकही दार नाही. अर्ध्या भिंती, जाळ्या, हवा कुठेही अडायची नाही. घरात दार लावणं म्हणजे वाऱ्याच्या थोबाडीत मारणं, असं तो ऑफिसात ऐटीत सांगायचा आणि समोरचे माना डोलवायचे.

त्याची काम करायची एक रीत होती. ऑफिसात तिची भरपूर टिंगल व्हायची, त्याला 'खुर्चीवाले बाबा' म्हणायचे ते त्यावरूनच. जागा हातात आली की तो आधी कागद काढायचा नाही. घरवाल्यांना जागेवर घेऊन जायचा, हातात एकेक घडीची खुर्ची द्यायचा आणि म्हणायचा, सकाळपासून संध्याकाळपर्यंत इथे नुसतं बसा. विचार करू नका, नको वाटलं की खुर्ची उचला आणि बरं वाटेल तिथे जा. माणूस हलला की हा त्याच्या पाठोपाठ जाऊन तिथे लाल चिंधी बांधलेली खुंटी ठोकायचा. यंत्रं काय सांगायची ती सांगतात, पण अंगाला जे कळतं ते यंत्राला कळत नाही, हा त्याचा ठाम सिद्धांत. बहुतेक लोक दुपारपर्यंत कंटाळतात, मोबाइल काढतात, गाडीत जाऊन एसी लावतात. ताईने मात्र कमाल केली होती. दिवसभर ती इतकी सहज, इतकी बिनचूक सरकत राहिली होती की तो मागे मागे खुंट्या घेऊन अक्षरशः धावत होता. झाडाच्या पूर्वेला. मग खडकामागे. मग जागेकडे येणाऱ्या वाटेच्या, त्या पांदीच्या, उलट्या बाजूला, पाठ करून. संध्याकाळी उतारावर उभं राहून त्याने त्या चिंध्या पाहिल्या तर त्यांची एक लांब, किंचित वळलेली रेघ झाली होती, आणि ती रेघ पाहून त्याच्या अंगावर काटा आला होता. घर तिथेच होतं, त्याला फक्त ते उचलून कागदावर ठेवायचं होतं. "ताईला वारा दिसतो," असं त्याने बायकोला घरी आल्या आल्या सांगितलं होतं. सोमवारी ऑफिसात सगळ्यांना जमवून सांगितलं होतं. चार पोरं तर वहीत लिहून घेत होती, घ्या!

"हे बघ, मला एक सांग," भावजी म्हणत होते. त्यांनी चष्मा काढून काचा शर्टाला पुसल्या. त्यांचा आवाज नेहमी गोड असायचा, समजावणीचा, कारखान्यात माल परत पाठवतानाही ते असेच बोलत असणार. "हा बोळ. वारा वगैरे मला मान्य. पण घराचे दोन तुकडे कशाला? मी इकडे बसलो तर स्वयंपाकघरात काय चाललंय ते मला दिसत नाही." "दिसायला कशाला हवं भावजी?" तो आपला सवयीने म्हणाला. "अरे, घर आहे ना ते? घर म्हणजे कसं, एका जागी बसलं की सगळं नजरेखाली आलं पाहिजे. हिला हाक मारली तर हिने ओ द्यायला हवी. तिथे काय शेजारीपाजारी आहेत हाक ऐकायला? बोळ बंद कर. हॉल एकच ठेव, मोठा. बाकी दारं नाहीत ते मला फार आवडलं. ते मात्र झकास केलंस."

तो नकाशावर वाकला. वाकला, कारण वर बघायची त्याला भीती वाटली. कागदावर खुंट्यांच्या जागा त्याने बारीक लाल टिंबांनी ठेवल्या होत्या, हौस म्हणून, आणि आता ती टिंबं त्याच्याकडे बघत होती. त्यातलं एक त्याला पहिल्यापासून छळत होतं. दुपारचं. त्या वेळी ताई गाडीच्या मागे बसली होती, आणि तिथे सावली नव्हती. ऊन थेट तोंडावर होतं. वारासुद्धा नव्हता, त्याने हातातलं गवत सोडून पाहिलं होतं, ते सरळ खाली पडलं होतं. "ताई, ऊन लागतंय ना ग?" त्याने विचारलं होतं. "नाही रे. इथे बरं वाटतंय," ती म्हणाली होती, कपाळावरून घाम ओघळत असताना. कुठल्याही शहाण्या माणसाने तिथेच कपाळाला हात लावला असता. यानेही लावला असता, पण सिद्धांत आडवा आला. जमिनीलगत काहीतरी झुळूक असेल, आपल्याला उभ्याने कळत नाही, बसलेल्याला कळते, असं म्हणून त्याने तिथे खुंटी ठोकली होती, आणि नंतर त्या एका खुंटीसाठी पश्चिमेला एवढी मोठी दगडी भिंत आणि खोल पडवी रचली होती, कारण ताईला तिथे बरं वाटतं ना, मग तिथे सावली आपण आणू! त्या वेळी भावजी कुठे होते? आठवेना. त्याने डोळे मिटून आठवायचा प्रयत्न केला. सकाळी ते झाडाखाली फोनवर होते, मोठमोठ्याने, झाडाच्या पश्चिमेला. मग खडकावर बसून पेपर वाचत होते. मग पांदीकडे तोंड करून फाटक कुठे घालायचं ते दाखवत होते. आणि दुपारी डबे उघडले तेव्हा लोणच्याची बाटली गाडीत राहिली म्हणून काहीतरी झालं होतं. काहीतरी म्हणजे काही नाही, भावजी नुसतं म्हणाले होते, "असू दे, तुझं नेहमीचंच आहे." हसत म्हणाले होते. आणि मग ते गाडीच्या पुढे उभे राहून जेवले होते, आणि ताई गाडीच्या मागे. त्याच्या हातातली पेन्सिल थांबली. खुंट्या त्याने फक्त ताईच्या ठोकल्या होत्या. भावजी कुठे कुठे होते ते त्याने मांडलंच नव्हतं. मांडलं असतं तर कुणा पोरासोरालाही दिसलं असतं की ती बाई दिवसभर वाऱ्याकडे गेलेलीच नाही. ती एका माणसापासून दूर जात होती.

त्याला एकदम उकडायला लागलं. पंखा चालू होता, खिडकी उघडी होती. खालून कुणीतरी स्कूटरला किक मारत होतं आणि ती सुरू होत नव्हती. सोमवारी सकाळी पाया खणायचं मशीन जाणार होतं. आज फक्त या कागदांवर सह्या व्हायच्या होत्या, भावजींची आणि त्याची, म्हणून तर तो शनिवारची दुपार घालवून इथे आला होता. आणि त्याला दिसायला लागलं ते घर, पहिल्यांदाच माणसांसकट. दिव्याचा खांब अलीकडे राहिलेला. रस्ता येऊन संपलेला. एकच गाडी, तिची किल्ली भावजींच्या खिशात. ताईला गाडी येते कुठे? येत होती, लग्नाआधी वडिलांची जीप ती अशी पळवायची की वडील डोळे मिटून घ्यायचे. ही तीच ताई. लहानपणी ती बसायची तिथे पसरायची. पलंगावर बसली की पलंग तिचा, खिडकीत बसली की खिडकी तिची, आणि हा आपला कोपऱ्यात पाय पोटाशी घेऊन, "सरक ना ग" म्हणून रडकुंडीला आलेला. "नाही सरकत, जा!" गल्लीतल्या एका दांडगटाने याची सायकल घेतली तर ही भर रस्त्यात त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली होती, कमरेवर हात ठेवून, आणि तो दांडगट सायकल ठेवून घरी गेला होता. तिला कधी कुणी सरकवू शकलं नव्हतं. आणि त्याने, तिच्या सख्ख्या भावाने, तिला दिवसभर एवढंसं होऊन जागा बदलताना पाहिलं आणि त्याला काय वाटलं? किती छान सरकते! लाज वाटली त्याला स्वतःची. जीभ चावून तुकडा पाडावा अशी लाज. मग तिचा हात मोडला होता, ते आठवलं. बाथरूममध्ये घसरले म्हणाली होती. तेव्हा तो बाथरूम बघायला आला होता, आणि उतार चुकलाय, फरशी गुळगुळीत आहे, असं सगळं भावजींना समजावून गेला होता. भावजींनी फरशी बदललीही होती.

"पाणी पितो जरा," तो म्हणाला आणि उठला. "अगं, पाणी दे याला," भावजींनी बसल्या जागेवरून हाक मारली. "असू दे, मी घेतो."

स्वयंपाकघर म्हणजे लांबट चिंचोळी खोली. ताई ओट्याशी कांदा चिरत होती, पण ओट्याकडे तोंड करून नव्हे. ओट्याच्या अगदी कडेला, तिरकी, पाठ भिंतीला लावून. इथून दार दिसत होतं. त्याने आजवर शेकडो स्वयंपाकघरं काढली होती. असं तिरकं उभं राहून कुणी कांदा चिरत नाही, खांदा भरून येतो. "ताई," तो हळू म्हणाला. तिने त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि काही न विचारता नळ सोडला. पाणी भांड्यात धडधड पडायला लागलं. तेही ती सवयीनेच करत होती. "त्या दिवशी जागेवर," तो म्हणाला, "तू वाऱ्यासाठी हलत नव्हतीस." ताईची सुरी थांबली. ती त्याच्याकडे बघत राहिली, आधी नवलाने आणि मग काहीशा संशयाने. "म्हणजे काय? तुला ते आज कळतंय?" "आज. आत्ता." "छोट्या, खरं सांग." "देवाशपथ." मग ती हसायला लागली. आवाज न करता, तोंडावर हात दाबून, डोळ्यांतून पाणी येईस्तोवर, आणि त्या पाण्यातलं कांद्याचं किती आणि कशाचं किती ते त्याला कळेना. "वारा!" ती म्हणाली. "अरे, मी वारा शोधत होते असं वाटलं तुला? एवढा शिकलास तो कशाला रे?" आणि तशीच एकदम थांबून म्हणाली, "मला वाटलं, तुला कळलं. तू मधला बोळ काढून दाखवलास ना, माझी खोली पलीकडे, त्यांची अलीकडे, तेव्हा मी रात्रभर झोपले नाही. म्हटलं, बघ, कुणाला काही सांगितलं नाही तरी याला कळलं. कुणाला तरी कळलं. आणि कळून याने गाजावाजा केला नाही, गुपचूप घरच असं काढलं. मला इतकं बरं वाटलं होतं रे." तो नळाच्या पाण्याकडे बघत राहिला. भांडं भरून वाहत होतं. "हात टाकतात तुझ्यावर?" त्याने शेवटी विचारलं. ताईने चिरलेला कांदा सुरीच्या पात्याने नीट एका बाजूला केला. "आता नाही," ती म्हणाली. "आता गरज पडत नाही." बाहेरच्या खोलीत भावजींची खुर्ची करकरली. ताईची नजर दाराकडे गेली. खुर्ची पुन्हा करकरली, बसल्याची. "इथे निदान पलीकडच्या काकू आहेत," ताई म्हणाली. "भांडं आपटलं तरी बेल वाजवतात, काही लागलं का म्हणून. त्यांनाही कळतं, पण त्या वाटी मागायच्या निमित्ताने येतात. तिथे कोण वाटी मागायला येणार?" "मग तू नाही का म्हणाली नाहीस?" "मी?" तिने आश्चर्याने विचारलं. तिने नळ बंद केला आणि नेहमीच्या आवाजात, बाहेर ऐकू जाईल असं म्हणाली, "घे, पाणी घे. फ्रिजमधलं नको पिऊस, घसा धरेल."

तो बाहेर आला. भावजींनी त्याचंच पेन उघडून ठेवलं होतं आणि बोळावर दोन आडव्या रेघा मारून तो बंद करून टाकला होता. रेघा सरळ होत्या, पट्टी लावून मारलेल्या. "हे असं," ते म्हणाले. "आता सुटसुटीत झालं की नाही? कर सही." "भावजी, बोळ बंद केला तर घर तापेल," तो म्हणाला. त्याचा त्यालाच संताप आला, की आत्ता, या घटकेला, आपण तापमानावर बोलतोय. "पंखे लावू. एसी लावू. तू काळजी करू नकोस." "तसं नाही." "मग कसं?" भावजी शांतपणे म्हणाले. चष्म्याआडून ते बघत होते. आजपर्यंत ही नजर त्याला मिश्कील वाटत आली होती. ताई दारात येऊन उभी राहिली होती, चौकटीच्या आतल्या अंगाला, तिचा अर्धाच चेहरा दिसत होता, आणि तो चेहरा मान हलवून नाही नाही म्हणत होता. त्याला कळलं की तो आता जे काही बोलेल त्याची भरपाई तो गेल्यावर या घरात होणार आहे, आणि न बोलता सही केली तर घर उभं राहिल्यावर तिथे, रानात, होणार आहे, आयुष्यभर. लहानपणी तो पलंगाच्या कोपऱ्यात बसून 'सरक ना' म्हणायचा तोच आवाज त्याच्या घशात आला. "हे घर मी बांधणार नाही," तो म्हणाला.

भावजींनी पेनाला टोपण लावलं. रागावले नाहीत. उलट हसले, पोराने हट्ट केल्यावर हसावं तसं. "का रे? आमचं काही चुकलं का?" "चूक माझी झालीय. जागा मला नीट वाचता आली नाही. हे सगळं चुकलंय." "छे, छे. मला तर पसंत आहे." त्यांनी मिठाची बरणी उचलली, रिमोट उचलला, चष्म्याचं घर उचललं, आणि नकाशे एकावर एक ठेवून सावकाश गुंडाळले. "तू नको बांधूस. तुझ्यामागे कामं फार, मला कळतं. कंत्राटदार आहेच, मशीन सोमवारी येतंच आहे. नकाशे राहू देत इथे. घरचेच आहेत ना?" त्याने हात पुढे केला, तो तसाच हवेत राहिला. त्याने काढलेलं घर भावजींच्या काखेत होतं, बोळ बंद केलेलं, आत एकही दार नसलेलं, आणि ते त्याच्याशिवायही उभं राहणार होतं. एवढ्या बारकाईने सगळं काढून दिलं होतं त्याने, की कुणीही बांधू शकला असता. दारात ताई नव्हती. आत गेली होती. "बसतोस का जेवायला?" भावजींनी विचारलं. "नको," म्हणून तो बाहेर पडला. त्याला पायताण नीट घालवेना, उजवा बूट टाचेखाली दुमडला तसाच तो जिना उतरायला लागला. प्रत्येक मजल्यावर कुणाचं तरी दार, दाराला पायपुसणं, दारामागे टीव्हीचा आवाज, कुकरची शिट्टी, कुणीतरी कुणावर तरी ओरडतंय आणि समोरचाही तेवढ्याच जोरात उलटून ओरडतोय, किती चांगला वाटला त्याला तो आवाज. आपण काय केलं? काही नाही केलं. तोंडाने नाही म्हटलं आणि तिला तिथे टाकून निघून आलो. पोलीस? काय सांगणार, की ही गाडीच्या मागे बसली होती? तळमजल्यावर पोचला तेवढ्यात मागून सपातांचा आवाज आला.

ताई होती. हातात त्याच्या नकाशांच्या नळीचं प्लास्टिकचं झाकण. "हे राहिलं होतं," ती म्हणाली. "त्यांना म्हटलं, देऊन येते." धापा टाकत होती. केसांत कांद्याचं साल अडकलं होतं. त्याने झाकण घेतलं नाही. "चल," तो म्हणाला. "कुठे?" "घरी. माझ्या. आत्ता." तिने जिन्याकडे वर पाहिलं, मग रस्त्याकडे पाहिलं. रस्त्यावर सगळं नेहमीचं होतं, इस्त्रीवाला, दोन कुत्री, उन्हात काचा उतरवून उभी त्याची गाडी. "तुझ्या बायकोला विचारलंस?" "फोन लावू?" "नको. ती हो म्हणेल आणि मला इथेच रडू येईल." "ताई, तुझ्या पाया पडतो, चल." "काहीतरीच बोलू नकोस," ती म्हणाली, अगदी पूर्वीसारखी, दटावून, आणि ती चालायला लागली. धावली नाही. भर उन्हातून, रस्त्याच्या मधून, सपाता फटाफटा वाजवत ती गाडीपर्यंत गेली आणि पुढचं दार उघडून बसली. तो धावत जाऊन पलीकडून शिरला. किल्ली त्याला लावता येईना. वरून, चौथ्या मजल्याच्या गॅलरीतून, भावजींचा आवाज आला, गोड, समजावणीचा, सगळ्या रस्त्याला ऐकू जाईल असा. "अगं, किती वेळ? भाजी लागेल ना खाली!"

ताईने काच वर केली.

"नाही लागणार," ती त्याला म्हणाली. "गॅस बंद करूनच उतरलेय मी."